तलावाच्या पाण्याचं पुण्य

“तुम्ही पान न खाता रडून पाह्यलं काय कधी?”

गहाणे सरांनी मला पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न. थांबा, नीट सांगतो.

मी शाळेत मराठी शिकवतो आणि धानाची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करतो. त्या काळी माझी एक पक्की श्रद्धा होती. तिसऱ्या अंकाआधी विंगेत उभं राहून मी एक पान खायचो आणि मग मुलीला सासरी धाडणाऱ्या बापाचा प्रवेश असा रंगायचा, की मंडपातल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. नव्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ही पानाची महती साभिनय सांगत होतो. सगळे हसत होते. कोपऱ्यात एक बुटका, सावळा माणूस बसला होता. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पॅन्टचा एक पाय मोज्यात खोचलेला. तो तेवढा हसत नव्हता. तो उठला, माझ्या पुढ्यात आला आणि त्यानं तो प्रश्न विचारला.

“नाही,” मी म्हणालो. “का?”

“मंग पानानं रडता का संवादानं, हे कसं समजलं तुमाले?”

मी चिडलो, पण पुढच्या प्रयोगाला पान न खाता उभा राहिलो. बाया रडल्या. मी आनंदानं येऊन सरांना सांगितलं. सरांनी विचारलं, “गाव तेच होतं काय?” म्हटलं, नाही, वेगळं. “पोरीचं काम करनारी बाई?” म्हटलं, तीही बदलली होती. “मंग काहीच नाही समजलं आपल्याले,” असं म्हणून सर असे प्रसन्न हसले, की जणू मी त्यांच्यासाठी पेढेच आणले होते. त्या दिवसापासून माझ्या अभिनयात नेमकं काय चालतं हे मला कळेनासं झालं. पान मी अजूनही खातो, पण श्रद्धा गेली ती गेलीच.

वासुदेव गहाणे सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळचे मोहाडीकडचे, करडीचे. बोलणं अस्सल झाडीतलं. व्याख्या तेवढी पुस्तकातल्या भाषेत सांगायचे आणि ती संपली की सुटकेचा श्वास सोडून आपल्या बोलीत परत यायचे. पुस्तकातलं ‘गृहीतक’ त्यांच्या तोंडी ‘अंदाज’ व्हायचं आणि ‘चल’ म्हणजे ‘बदलनारी गोष्ट’. कोणी काहीही सांगत आलं, की त्यांचा एक प्रश्न ठरलेला : “आनखी काय बदललं?” मुख्याध्यापक म्हणाले, यंदा नवा पंखा लावल्यापासून हजेरी वाढली, सर म्हणाले, “आनखी काय बदललं?” मुख्याध्यापकांनी आठवून पाहिलं, तर खिचडीबरोबर अंडं मिळायला लागलं होतं. पंख्याचं कौतुक तिथंच संपलं.

त्यांचा तास मी खिडकीतून पाहायचो. फुकटचं नाटक कोण सोडतो? एकदा साखर विरघळवण्याचा प्रयोग होता. एका ग्लासात गरम पाणी, दुसऱ्यात गार. अंदाज आधी फळ्यावर लिहायचा, तोही नावासकट. “अंदाज चुकला तं मी मार्क देतो,” सर सांगायचे. “पुसला तं कापतो.” पोरांनी साखर टाकली. गरम पाण्यातली भराभर विरघळली. टाळ्या. तेवढ्यात सरांच्या लक्षात आलं, की गरम ग्लासवाल्या पोरानं हात शिवशिवले म्हणून चमचाही फिरवला होता.

“आता सांग,” सर म्हणाले, “गरमीनं विरघळली का चमच्यानं?”

“सर, दोघायनं.”

“कोनानं किती?”

पोरगं ग्लासात डोकावलं. “नाही समजत, सर.”

“शाबास! बसा रे सारे. आज याले समजत नाही हे समजलं.”

आणि अख्ख्या वर्गानं त्या न समजण्याला टाळ्या दिल्या. मी खिडकीत उभा. आपण विज्ञानाच्या तासाला आहोत की कीर्तनाला, मला उमगेना. अभ्यासक्रम पुरा होत नाही अशी तक्रार दर वर्षी व्हायची आणि दर वर्षी मुख्याध्यापक सरांना समज द्यायला जाऊन स्वतःच एखादा प्रश्न डोक्यात घेऊन परत यायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग धान पिवळं पडलं.

आमच्या गावाला मोठा तलाव आहे. तलावाखाली बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि तलावात ढिवरांची मासेमारी. तलाव ग्रामपंचायतीचा, पण मासे धरण्याचा ठेका वर्षानुवर्षं ढिवरांच्याच घरांकडे. त्या वर्षी रोवणी, म्हणजे लावणी, झाल्यावर तलावाखालचं धान पिवळं दिसू लागलं आणि कोणीतरी बोलून गेलं, की ढिवर माशांना ढेप न् कोंडा टाकतात, त्यानं पाणी नासलं. दोन दिवसांत ती बातमी झाली, चार दिवसांत खात्री. सर्वांत मोठी बांधी दामोदरभाऊंची. हेच दामोदरभाऊ शाळा समितीचे अध्यक्ष. आवाज असा, की माइकलाही लाज वाटावी. त्यांनी ठरवलं : येत्या ग्रामसभेत ढिवरांचा ठेका बंद.

नववीत शेवंता नावाची मुलगी होती. तिचा बाप श्रावण तलावावर जाळं टाकायचा. शेती नाही, दुसरा धंदा नाही. ठेका गेला तर त्यांनी नागपूरकडे मजुरीला जायचं आणि शेवंतानं शाळेला राम राम करायचा, इतकं ते सरळ होतं. वर्गात शेतकऱ्यांची पोरंही होतीच. एके दिवशी बाकांची ओढाताण झाली, शर्टाची बटणं तुटली. सर आत आले, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांच्या बापांचा उद्धार करत होत्या.

“थांबा,” सर म्हणाले. “भांडन चांगलं हाय. वाया नोका घालू. याचा प्रयोग करू.”

तेलाचे रिकामे डबे कापून कुंड्या केल्या. सगळ्यांत माती एकच, शाळेच्या बागेतली. रोपं एकाच बांधीतली. व्हरांड्यात दोन रांगा. एका रांगेला तलावाचं पाणी, दुसरीला बोअरचं, सारख्याच ग्लासानं मोजून. “माती तेच, बियानं तेच, ऊन तेच,” सर बोटांवर मोजत म्हणाले. “बदललं काय? फक्त पानी. आता लिवा अंदाज.” फळ्यावर दोन अंदाज आले. शेतकऱ्यांच्या पोरांचा : तलावाची रांग पिवळी पडणार. शेवंताच्या बाजूचा : पडणार नाही. दोन्हींभोवती सरांनी चौकट आखली आणि फळ्याचा तेवढा भाग पुसायचा नाही अशी शिपायाला ताकीद दिली. माझ्या मराठीच्या तासाला त्यामुळे अर्धाच फळा उरला. महिनाभर मी समास पण अर्धेच सोडवले.

आणि काय सांगू, तलावाची रांग अशी फोफावली! गर्द हिरवी, रुंद पात्याची. बोअरची रांग तिच्यापुढे आजाऱ्यासारखी. शेवंता रोज शाळा भरायच्या आधी येऊन पाहायची आणि पात्यांवरून हात फिरवायची. श्रावण स्वतः येऊन दारात हात जोडून उभा राहिला. मुख्याध्यापकांनी फोटो काढले. मी तर ग्रामसभेत म्हणायला म्हणून एक छोटंसं स्वगतही मनात जुळवलं होतं, जलदेवतेला संबोधून. एकटे सर खूश नव्हते. व्हरांड्यात उकिडवे बसून ते त्या हिरव्या रांगेकडे पोलिसाच्या नजरेनं पाहत होते.

“सर, जिंकलो की!” मी म्हणालो.

“आपला अंदाज होता, रांग पिवळी पडनार नाही. बोअरच्या बरोबरीनं राहीन. हे तं पुढं निंगाली.” त्यांनी डोकं खाजवलं. “तलावाच्या पान्यात पाप नाही, इथवर ठीक हाय. पन हे पुन्य कुठून आलं?”

मला वाटलं, सरांचं वय झालं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दामोदरभाऊ शाळेत आले. हातात पाण्याची बाटली, मागं दोन माणसं. “कुठं हाय तुमचा तमाशा?” म्हणत ते थेट कुंड्यांपाशी गेले. मग जे भाषण झालं त्याला मी मनातल्या मनात दाद दिली. “मास्तर, धान आमी लेकरावानी पोसतो! तुमी डब्ब्यात धान लावून आमाले शिकवता? हे तलावाचं पानी म्हनजे जहर हाय जहर! या जहरानं...” आणि बोलता बोलता त्यांचा हात हलला. बाटलीचं झाकण उघडलं, आणि तलावाच्या रांगेतल्या समोरच्या कुंडीतली माती वरून सुकलेली दिसत होती तिच्यात त्यांनी गटगट पाणी ओतलं. पुढच्या कुंडीतही. भाषण चालूच. तोंड जहर म्हणत होतं आणि हात धानाला पाणी पाजत होता. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

ज्याला आमचा मुलूख ठाऊक आहे त्याला हे सांगायला नको. आमच्याकडे धानाच्या पायाशी पाणी नसलेलं पाहणं म्हणजे पाळण्यातलं मूल रडताना ऐकणं. हात आपोआप पुढं होतो.

सर ताडकन उठले. चेहरा असा, की चोर सापडला आणि चोर आपलाच मामा निघाला. दामोदरभाऊ गेल्यावर त्यांनी वर्ग बाहेर बोलावला.

“खरं सांगा. या कुंड्यायले आपल्या ग्लासाशिवाय कोनं पानी टाकलं?”

मग एक हात वर आला. मग दुसरा. मग सगळेच. शेतकऱ्यांची पोरं, ढिवरांची पोरं, दोन्ही. “सर, सुकली होती.” “सर, बाटलीत उरलं होतं.” शिपाईही म्हणाला, “मीबी टाकलं जी, थोडंसं.” शेवटी मुख्याध्यापकांनी खाकरून सांगितलं, की त्यांचाही चूळ भरलेला ग्लास अधूनमधून तिकडे गेला असावा. आणि तलावाची रांग नेमकी हापशीच्या बाजूची. खिचडी खाऊन झाली की पोरं ताटल्या तिथंच विसळायची. वरणाचं, भाताचं ते पाणी रोज त्या रांगेला. म्हणून ती फोफावली होती. कोणाला काय किती मिळालं, याचा आता ब्रह्मदेवालाही हिशेब लागला नसता.

“प्रयोग बाद,” सर म्हणाले.

शेवंता पुढं आली. “सर, उद्या ग्रामसभा हाय. नोका ना सांगू. कुंड्या हिरव्या हायेत ना? तेवढंच सांगा.”

“पोरी, कुंड्या हिरव्या हायेत. पन काहून हिरव्या हायेत ते आपल्याले नाही माहीत.”

“माह्या बापाले जावं लागन, सर.”

सर कुंड्यांपाशी खाली बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आज ह्या कुंड्या तुह्या बापाच्या बाजूनं खोटं बोलल्या. उद्या दुसरं कोनी कुंड्या मांडन आनि त्या त्याच्या बाजूनं खोटं बोलतीन. मंग तू त्याले कोन्या तोंडानं थांबवशीन?”

शेवंता वर्गात निघून गेली. मला सरांचा राग आला, आणि सर बरोबर आहेत असंही वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे काही कळलं नाही.

ग्रामसभेला मारुतीच्या पारापाशी सारं गाव. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला ढिवर, मध्ये मोकळी जागा, तिथं कुत्रं झोपलेलं. सरपंचबाई म्हणाल्या, “गुरुजी, सांगा तुमच्या प्रयोगात काय निंगालं.”

सर उभे राहिले. “मले माहीत नाही.”

गावानं मास्तरच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, “मंग पगार कायचा घेता जी?” हशा झाला. श्रावणनं सरांकडे पाहिलं आणि मान फिरवली. दामोदरभाऊंनी मांडीवर थाप मारली. “झालं! मास्तरच नाही म्हनते. ठेका बंद करा!”

“भाऊ,” सर म्हणाले, “मी नाही माहीत म्हनलो. दोष हाय असं म्हनलो काय? माहा प्रयोग कोनं बिघडवला ते सांगू? साऱ्यायनं. पोट्ट्यायनं, शिपायानं, हेडमास्तरनं. आनि काल एका मोठ्या मानसानं. जहर जहर म्हनत त्यानं त्या जहरवाल्या धानाले आपल्या बाटलीतलं पानी पाजलं.”

नाव घेतलं नव्हतं. पण दामोदरभाऊंच्या सोबत आलेल्या दोघांपैकी एकाला हसू आवरलं नाही आणि मग सगळ्या गावालाच आवरलं नाही. ढिवरही हसले, शेतकरीही हसले. दामोदरभाऊ आधी लाल झाले, मग आपल्या हाताकडे पाहू लागले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

“सुकलं होतं ना बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “दिसलं न् टाकलं.”

“तेच तं! डब्ब्यात नाही जमत आपल्याले. म्हनून तुमच्या बांधीत करू. उन्हाळी धान लावाल तं बांधीच्या मधात धुरा घाला, मातीचा आडवा बांध. इकडं तलावाचं पानी, तिकडं बोअरचं. पानी भरपूर दोघीकडं, म्हनजे कोनाचा जीव नाही तुटनार. खत तेच, बियानं तेच. तोवर ठेका राहू द्या. एक हंगाम.”

सरपंचबाईंनी दामोदरभाऊंकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा हशा झाला असता. त्यांनी हो म्हटलं. ठेका गेला नाही, पण टिकलाही नाही. उन्हाळाभर तो लोंबकळत राहिला. श्रावण त्या काळात सरांशी एक शब्द बोलला नाही. तलावावरून जाताना सर हात करायचे आणि तो जाळ्याच्या गाठी सोडवत बसायचा. शेवंता वर्गात पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली. सरांनी तिला पुढं ये असं म्हटलं नाही. मला मात्र एकदा म्हणाले, “अंदाज चुकला असता तं बरं झालं असतं. हे मधातच राहनं लय कठीन हाय.”

दामोदरभाऊंच्या बांधीत धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचं उन्हाळी धान कापलं तेव्हा सरांनी शेवटचा खेळ मांडला. दोन्ही भागांतल्या थोड्या थोड्या पेंढ्या बाहेरगावच्या पोस्टमनच्या हवाली केल्या. त्यानं पेंढीच्या आत रंगीत दोरा बांधायचा. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे त्यानं कोणालाही सांगायचं नाही. “मलेबी नाही,” सर म्हणाले. “माहाबी भरोसा नाही मले.” मग सगळ्या पेंढ्या शाळेच्या मैदानावर एकत्र टाकल्या आणि गाव गोळा झालं.

“दामोदरभाऊ, धान तुमाले लेकरावानी. ज्यायले जहर लागलं ते लेकरं वेगळे काढा.”

दामोदरभाऊंनी धोतर सावरलं. एकेक पेंढी उचलली, लोंबी चोळली, दाणा दाताखाली घातला, वास घेतला. पाहण्यासारखा अभिनय होता, मी जळलो. पटापट दोन ढीग केले. “हे तलावाचं. हे बोअरचं. डोळे बांधून सांगतो.” मग पेंढ्या पुन्हा बांधून, मिसळून श्रावणला बोलावलं. त्यानंही तावातावानं दोन ढीग केले, चांगलं ते तलावाचं. पोस्टमननं प्रत्येक वेळी पेंढ्या उकलून दोरे दाखवले. दोघांच्याही ढिगांत दोन्ही रंग, आपले सरमिसळ. जहर म्हणून काढलेल्यांत बोअरचं निघालं, अमृत म्हणून काढलेल्यांतही बोअरचं निघालं. आणि पिवळेपणा म्हणाल तर तो थोडाथोडा सगळ्यांतच होता.

दोघंही खाली बसून आपापल्या ढिगांकडे पाहत होते. जिंकलं कोण, हे मैदानात कोणालाच सांगता येईना. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या म्हणून कोणी वाजवल्याच नाहीत.

“म्हनजे पान्याचं काही नाही,” अखेर दामोदरभाऊ म्हणाले.

“दिसत तं नाही.”

“मंग पिवळं काहून पडते?”

“मले माहीत नाही, भाऊ. माती तपासनाऱ्यायले दाखवा.”

दामोदरभाऊंनी एक जोरदार उसासा टाकला. मग श्रावणकडे न बघताच म्हणाले, “मासे धर तू. पन खाद्य टाकताना मले सांगत जाय. मलेबी पाह्यचं हाय.” श्रावण म्हणाला, “सकाळी येजा जी.” एवढंच. ठेका राहिला. शेवंता दहावीला त्याच शाळेत बसली, आणि पास झाली.

सर त्यानंतर निवृत्त होऊन करडीला गेले. गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचा फोन आला. शोकसभेला आमच्या गावाची एक गाडी निघाली. पुढं दामोदरभाऊ, मागं श्रावण आणि चारदोन ढिवर, मधे मी, आणि शेवंता, जी आता भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. सभेत भाषणं झाली, जशी होतात तशी. एका वक्त्यानं सरांना ज्ञानाचा सागर म्हटलं. दुसरा म्हणाला, जगातला असा एकही प्रश्न नव्हता ज्याचं उत्तर गहाणे सरांपाशी नव्हतं. मी मनातल्या मनात माझं भाषण याच्याहून मोठं कसं करता येईल ते जुळवत होतो.

तेवढ्यात दामोदरभाऊ उठले. त्यांचं नाव यादीत नव्हतं. माइककडे गेलेही नाहीत.

“खोटं नोका बोलू,” ते गरजले. “मेल्या मानसाबद्दल तरी नोका बोलू. मी होतो तिथं. साऱ्या गावासमोर या मानसानं दोनदा सांगितलं, मले माहीत नाही. एकदा हसले लोक त्याले. त्याले माहीत हाय असं तो बोलला असता नं, तं हे मानसं,” त्यांनी मागं बसलेल्या श्रावणकडे हात केला, “हे मानसं आज तलावावर नसते. मी त्याचं मानलं नसतं, मीच हाकललं असतं.”

याला टाळ्या द्यायच्या की माणसाला खाली बसवायचं, कोणाला कळेना. अध्यक्ष सूत्रसंचालकाकडे बघू लागले आणि सूत्रसंचालक माझ्याकडे. दामोदरभाऊ तसेच उभे, पुढचं वाक्य सापडत नसल्यासारखे. मग शेवंतानं सतरंजीवर थोडं सरकून बापाच्या आणि आपल्यामध्ये जागा केली, आणि ते तिथं येऊन बसले.